कुणाला न विचारता

खरेदी वेबसाइटवर गेली, बँक फोनमध्ये आली, डॉक्टरांची वेळ अ‍ॅपवरून मिळू लागली. या नव्या बाजारपेठेत अपंग ग्राहकाला एकट्याने शिरता येतं का आणि व्यवहार पुरा करून बाहेर पडता येतं का, याचा हा शोध.

जुलै २०२३मध्ये प्रज्ञा प्रसून यांना एका खासगी बँकेत खातं उघडायचं होतं. केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याची प्रक्रिया, डिजिटल होती. कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करून दाखवणं ही त्यातली एक अट होती. समोर जिवंत माणूस आहे, कुणी फोटो धरलेला नाही, याची खात्री यंत्र अशी करून घेतं. प्रज्ञा अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आहेत. यंत्राला हवी तशी पापणी मिटवणं त्यांना शक्य नव्हतं. व्यवहार तिथेच अडला. सिम कार्ड घेतानाही हीच अडचण आली.

त्या आणि त्यांच्यासारख्या इतर अ‍ॅसिडहल्लाग्रस्त व्यक्ती सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दृष्टिहीन वकील अमर जैन यांनी स्वतंत्र याचिका केली. सेल्फीसाठी चेहरा चौकटीत नेमका आणायचा, ओळखपत्राची पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हे ओळखायचं, ओटीपी ठरलेल्या सेकंदांत टाकायचा, या सगळ्या पायऱ्या डोळस माणूस गृहीत धरून बांधल्या आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने ३० एप्रिल २०२५ रोजी दोन्ही याचिकांचा एकत्र निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं आणि वीस निर्देश दिले. जिवंतपणाच्या तपासणीला दुसरे पर्याय हवेत, यंत्राने नाकारलेला अर्ज माणसाने पुन्हा तपासावा, वेबसाइट आणि अ‍ॅपची ठरावीक काळाने सुगम्यता तपासणी व्हावी, नवी सेवा सुरू करण्याआधीच्या चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींना सामील करून घ्यावं, असे ते निर्देश आहेत.

हा खटला केवायसीचा होता, पण त्यातला प्रश्न प्रत्येक व्यापारी वेबसाइटला लागू पडतो. कपड्यांचं दुकान, औषधांची पेढी, बसचं तिकीट, विम्याचा हप्ता, हॉटेलातली खोली, कोचिंग क्लासचा प्रवेश, या सगळ्याची दारं आता पडद्यावर आहेत. अपंग माणसाने तक्रार केली की त्याला ठरलेला प्रश्न विचारला जातो, ‘घरात मदतीला कुणी नाही का?’ असतंही कुणीतरी. पण बँकेचा पिन, रक्ततपासणीचा अहवाल, कर्जाचा अर्ज या दुसऱ्याच्या हातात सोपवायच्या गोष्टी नाहीत. पाडव्याला बायकोसाठी साडी घ्यायची, तर ती निवडायला तिचीच मदत कशी मागायची? म्हणून या विषयाला लावायची कसोटी मला एकच वाटते. ग्राहकाला वस्तू शोधण्यापासून पैसे भरेपर्यंत, आणि लागलं तर वस्तू परत करेपर्यंत, कुणाला न विचारता जाता आलं पाहिजे.

पान कानांनी वाचताना

दृष्टिहीन माणूस फोन आणि संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या आधाराने. पडद्यावर असलेला मजकूर हा प्रोग्रॅम बोलून दाखवतो. सरावलेले लोक त्याचा वेग इतका वाढवतात की शेजारी बसलेल्याला एकही शब्द कळत नाही. माउस वापरला जात नाही. टॅब, बाण आणि एंटर या कळांवर सगळा प्रवास चालतो. फोनवर बोट फिरवत जायचं, जे बोटाखाली येईल ते ऐकायचं आणि दोनदा टिचकी मारून निवडायचं.

एकेकाळी ही चैन होती. व्यावसायिक स्क्रीन रीडरची किंमत हजार डॉलरच्या घरात असे. ऑस्ट्रेलियात मायकल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन तरुणांना हे खटकलं. संगणक वापरण्यासाठी दृष्टिहीनाने डोळस माणसापेक्षा जास्त पैसे का मोजावेत? करन यांनी २००६मध्ये एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला, तेह त्यांना येऊन मिळाले आणि तो जगभर फुकट वाटला गेला. २००९मध्ये आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आला, त्याच वर्षी अँड्रॉइडवर टॉकबॅक आला. आज साध्या अँड्रॉइड फोनमध्येही बोलणारा वाचक असतो. साधन हातात आलं आहे. अडचण आहे ती पानं कशी बांधली आहेत यात.

स्क्रीन रीडर पडद्याचं चित्र पाहत नाही, पानामागची एचटीएमएलची मांडणी वाचतो. त्या मांडणीत एखादी गोष्ट ‘बटण’ म्हणून नोंदलेली असेल तर तो ‘बटण’ म्हणतो. बटणासारखा दिसणारा नुसता रंगीत चौकोन असेल तर त्याला तिथे बटण असल्याचं कळतच नाही. डोळस माणूस चौकोनावर टिचकी मारून पुढे जातो, दृष्टिहीन माणूस ‘कार्टमध्ये टाका’ शोधत पानभर फिरत राहतो. मोठ्या ठळक अक्षरांतली ओळ डोळ्यांना शीर्षक वाटते, पण मांडणीत ती शीर्षक म्हणून नोंदलेली नसेल तर ऐकणाऱ्यासाठी ते शीर्षक नाहीच. वेबएम ही अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठातली संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी करते. लांब पानावर हवी ती माहिती शोधताना दहांतले सातजण आधी शीर्षकांवरून उड्या मारत जातात, असं तिच्या अलीकडच्या पाहणीत दिसलं. शीर्षकंच नसतील तर पहिल्या ओळीपासून सगळं ऐकत बसावं लागतं.

चित्रांचंही तसंच आहे. प्रत्येक चित्रामागे पर्यायी मजकूर लिहिण्याची सोय असते. ती सोय वापरलीच नाही तर अनेकदा ऐकू येतं ते फाइलचं नाव, म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक माळ. पैठणी विकणाऱ्याने तिथे ‘साडी’ एवढंच लिहिलं तर शंभर साड्यांच्या पानावर शंभर वेळा ‘साडी’ ऐकू येईल. ‘मोरपंखी पैठणी, सोनेरी काठ, पदरावर मोर’ असं लिहिलं तर निवड करता येते. जन्मापासून रंग न पाहिलेल्या माणसालाही रंग कळायला हवा असतो. कुणाला काय शोभतं, घरात कुठला रंग आधीच आहे, कुठला नको, हे तोही जाणतो.

खरी परीक्षा फॉर्ममध्ये असते. नाव, पत्ता, पिनकोड यांच्या रकान्यांना मांडणीत लेबल जोडलेलं नसेल तर स्क्रीन रीडर फक्त ‘लिहा’ म्हणतो, काय लिहायचं ते सांगत नाही. चूक झाली की रकान्याची कड लाल होते. ऐकणाऱ्याला ती लाली कळत नाही, बटण दाबलं तरी पान पुढे का सरकत नाही हेही कळत नाही. मग येतो वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा. त्याच्या जोडीला ऐकण्याचा पर्याय नसेल तर खरेदी तिथेच संपते, बहुतेक वेळा अगदी शेवटच्या पायरीवर.

डोळ्यांपलीकडे

सुगम्यतेचं काम दृष्टिहीनांपुरतं आहे, हा समज फार रुजलेला आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे आणि त्यातल्या बहुतेकांचा पडद्याशी काही ना काही संबंध येतो.

कर्णबधिर ग्राहकाला वस्तूची माहिती देणारा व्हिडिओ उपशीर्षकांशिवाय निरुपयोगी आहे. ‘अधिक माहितीसाठी फोन करा’ एवढीच सोय ठेवली तर त्याच्यासाठी ती सोय नाहीच. चॅट, ईमेल किंवा मेसेज हवा. लहानपणापासून भारतीय सांकेतिक भाषेत वाढलेल्या अनेकांसाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते आणि सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीपेक्षा वेगळं आहे. परताव्याच्या अटी सहासहा ओळींच्या वाक्यांत लिहिल्या की त्यांना त्या वाचता येतात, पण उमगत नाहीत. छोटी, सरळ वाक्यं हा त्यांच्यासाठी उतारच असतो, दुकानाच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेल्या उतारासारखा.

हाताची हालचाल मर्यादित असलेला माणूस कीबोर्डने, एखाद्या स्विचने किंवा आवाजाने संगणक चालवतो. टॅब दाबत जाताना आपण पानावर कुठे आहोत हे दाखवणारी चौकट त्याला लागते. ती ‘सुंदर दिसत नाही’ म्हणून अनेक डिझाइनर काढून टाकतात. माउस वर नेल्यावरच उघडणारी यादी त्याला उघडत नाही. एकमेकांना चिकटलेली बारीक बटणं थरथरत्या हाताला दाबता येत नाहीत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या ग्राहकाला ओटीपीसाठी दिलेले तीस सेकंद पुरत नाहीत. वेळ वाढवून मागायची सोय नसेल तर तो पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन पोचतो. अपस्मार असलेल्या माणसाला वेगाने उघडझाप होणारी जाहिरात धोक्याची ठरू शकते. वाचनअक्षमता असलेल्याला सरकत्या पट्टीवरचा मजकूर पकडता येत नाही.

अंधुक दिसणाऱ्यांची संख्या तर मोठी आहे. त्यांना अक्षर आणि पार्श्वभूमी यांत पुरेसा फरक हवा. जागतिक मानकानुसार साध्या मजकुरासाठी हे प्रमाण निदान ४.५ला १ असलं पाहिजे. पांढऱ्यावर फिक्या राखाडी अक्षरांची फॅशन या कसोटीत उतरत नाही. सणासुदीच्या जाहिरातींत दिसणाऱ्या केशरी छटेवर पांढरी अक्षरं लिहिली तर प्रमाण बहुतेक वेळा दोनाच्या आसपासच राहतं. दिवाळीची सवलत ज्या पट्टीवर लिहिलेली असते, नेमकी तीच पट्टी अनेकांना वाचता येत नाही.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. कायद्यातली यादी २१वर पोचण्याआधीची ही मोजणी आहे. जगाच्या लोकसंख्येत सहांतली एक व्यक्ती लक्षणीय अपंगत्वासह जगते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोतीबिंदू झालेले आजोबा, संधिवाताने बोटं आखडलेली आजी यांची बहुधा कुठल्याच प्रमाणपत्रात नोंद नसते, पण पेन्शनचा अर्ज आणि औषधांची ऑर्डर त्यांनाही भरायची असते.

मराठी पानाच्या खास अडचणी

जगभरच्या या दोषांत मराठी वेबसाइटींनी स्वतःचे काही जोडले आहेत. त्यावर आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

पहिला दोष जुन्या फाँटचा. युनिकोड रुळण्याआधी मराठी छपाई श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटवर चालत असे. त्यात पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. स्क्रीन रीडर ते इंग्रजी अक्षरच वाचतो. दरपत्रकाचं, सूचनेचं, कर्जयोजनेच्या माहितीचं अख्खं पान निरर्थक आवाजांत बदलतं. नवी पानं आता बहुतेक युनिकोडमध्ये असतात. पण छापखान्यातून आलेली माहितीपत्रकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, क्लासची प्रवेशपुस्तिका यांच्या पीडीएफ अजून जुन्या फाँटमध्ये वेबसाइटवर चढतात. त्याहून वाईट म्हणजे कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ. त्यात अक्षर नसतंच, नुसता फोटो असतो.

दुसरा दोष चित्रात लिहिण्याचा. मराठी दुकानदार सवलत, पत्ता, वेळा, दर, सगळं एका सुबक चित्रावर लिहून घेतो आणि तेच चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर आणि वेबसाइटवर लावतो. चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडरपर्यंत पोचत नाहीत, मोठी केली की फाटतात आणि शोधयंत्रालाही नीट सापडत नाहीत. तोच मजकूर चित्राखाली टाइप करून टाकायला दोन मिनिटं पुरतात.

तिसरा दोष भाषेच्या नोंदीचा. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पानाची भाषा सांगणारी एक छोटी नोंद असते. तयार साचे वापरताना ती ‘इंग्रजी’ अशीच राहून जाते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज निवडतो. त्या आवाजाला देवनागरी येत नसेल तर तो गप्प बसतो किंवा एकेका अक्षराचं नाव घेत सुटतो. नोंद चुकून हिंदीची असेल तर मराठी मजकूर हिंदी उच्चारांत ऐकावा लागतो. ‘ळ’ बिघडतो, ‘चहा’तला च आणि ‘चार’मधला च यांतला फरक जातो. देवनागरी दोन्ही भाषांची असल्यामुळे मजकूर मराठी आहे की हिंदी हे यंत्राला नुसत्या लिपीवरून ठरवता येत नाही. ती नोंद मराठीची करणं हे एका शब्दाचं काम आहे. मोबाइलवर आणि एनव्हीडीएमध्ये मराठी आवाज उपलब्ध आहेत. पानाने त्यांना हाक मारायला हवी, एवढंच.

मानक तयार आहे

काय करायचं याबद्दल संदिग्धता राहिलेली नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या संस्थेने मे १९९९मध्ये सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. डब्ल्यूसीएजी या नावाने ती ओळखली जातात. दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८मध्ये आली, तिची २.१ ही सुधारणा २०१८मध्ये आणि २.२ ही ऑक्टोबर २०२३मध्ये. सगळी तत्त्वं चार गोष्टींभोवती फिरतात. मजकूर कुठल्या ना कुठल्या इंद्रियाला जाणवला पाहिजे, पान चालवता आलं पाहिजे, त्यातला अर्थ कळला पाहिजे आणि ते वेगवेगळ्या साधनांवर टिकलं पाहिजे. पातळ्या तीन आहेत. व्यवहारात मधली, म्हणजे एए पातळी, गाठायची असते. २.२मध्ये आलेल्या काही अटी रोजच्या त्रासाला थेट भिडतात. दाबायची जागा निदान २४ बाय २४ पिक्सेलची असावी किंवा तिच्याभोवती तेवढं अंतर असावं. लॉगिन करताना ग्राहकाला काही पाठ करायला किंवा कोडं सोडवायला भाग पाडू नये. पासवर्ड आणि ओटीपी चिकटवता यावा.

भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे माहिती तंत्रज्ञानातल्या सुगम्यतेचं स्वतंत्र मानक आहे. त्याचा पहिला भाग २०२१मध्ये आणि दुसरा २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शिका २००९पासून आहे.

तरीही परिस्थिती काय आहे? वेबएम दरवर्षी जगातल्या दहा लाख आघाडीच्या मुख्यपृष्ठांची यंत्राने तपासणी करते. २०२५च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर मानकाचा भंग सापडला, दर पानामागे सरासरी ५१ चुका. ७९ टक्के पानांवर रंगांतला फरक अपुरा होता, ५५ टक्क्यांहून अधिक पानांवर चित्रांचा पर्यायी मजकूर नव्हता, ४८ टक्क्यांहून अधिक पानांवर फॉर्मच्या रकान्यांना लेबल नव्हतं. सापडलेल्या चुकांपैकी ९६ टक्के चुका फक्त सहा प्रकारांच्या होत्या. या आकड्यांत निराशेइतकीच आशाही आहे. ज्या चुकांनी कोट्यवधी लोकांची वाट अडवली आहे, त्यांतल्या बहुतेक चुका दुरुस्त करायला नवं तंत्रज्ञान लागत नाही, लागते ती थोडी काळजी.

न्यायालयाच्या दारातून

ही काळजी आपणहून फारशी घेतली गेली नाही, हे इतिहास सांगतो. २०००च्या सिडनी ऑलिंपिकची वेबसाइट आपल्याला वापरता येत नाही, अशी तक्रार ब्रूस मग्वायर या दृष्टिहीन नागरिकाने केली. दुरुस्तीला अफाट खर्च आणि वेळ लागेल, असं संयोजन समितीचं म्हणणं होतं. तज्ज्ञांनी ते खोडून काढलं आणि ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने मग्वायर यांच्या बाजूने निकाल दिला. समितीने तो पुरता पाळला नाही, तेव्हा तिला २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. खर्चाचा बाऊ करण्याचा युक्तिवाद एवढा जुना आहे आणि तो फेटाळला गेल्यालाही तेवढीच वर्षं झाली आहेत.

अमेरिकेत नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संस्थेने २००६मध्ये टार्गेट या दुकानसाखळीवर दावा लावला. २००८मध्ये ६० लाख डॉलरवर तडजोड झाली. गिलेर्मो रोबल्स या दृष्टिहीन ग्राहकाला डॉमिनोजच्या वेबसाइटवरून आणि अ‍ॅपवरून पिझ्झा मागवता आला नाही. अपंगत्वाचा कायदा १९९०चा, त्यात वेबसाइटचा उल्लेख नाही, तर तो इथे लागू होतो का, हा वाद होता. अपील न्यायालयाने २०१९मध्ये तो लागू होतो असं सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५पासून अंमलात आला असून ई-कॉमर्स आणि बँकसेवा त्याच्या कक्षेत आहेत. पुण्यात आणि मुंबईत युरोपीय ग्राहकांसाठी वेबसाइट बांधणाऱ्या कंपन्यांना हा कायदा आता रोजच्या कामात पाळावा लागतो. जी कुशलता आपले अभियंते परदेशी दुकानासाठी वापरतात, ती गावच्या दुकानाच्या वाट्याला का येऊ नये?

भारतातल्या लढ्याचा एक मोठा धागा मुंबईतून जातो. दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर देताना बँका पूर्वी साक्षीदार किंवा सोबती मागत, कधी थेट नकार देत. रिझर्व्ह बँकेने जून २००८मध्ये परिपत्रक काढून या सगळ्या सुविधा भेदभाव न करता द्यायला सांगितलं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र २००३पासून या क्षेत्रात काम करत आहे. २०१२मध्ये अहमदाबादला युनियन बँकेचं देशातलं पहिलं बोलणारं एटीएम सुरू झालं, त्यामागेही या केंद्राची मेहनत होती. ज्या ग्राहकाने सोबत्याशिवाय बँकेत जाण्याचा हक्क मिळवला, त्याच ग्राहकाला बँक फोनमध्ये आल्यावर पुन्हा सोबती शोधावा लागला. हा अन्याय म्हणूनच दुहेरी आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्याच्या कलम ४६नुसार सेवा देणारी संस्था सरकारी असो की खासगी, सुगम्यतेचे नियम जाहीर झाल्यापासून दोन वर्षांत तिने ते पाळायचे आहेत. पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या उल्लंघनांना ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंड आहे. नियमांची भाषा मात्र सक्तीऐवजी शिफारशीची होती. दृष्टिदोष असलेले राजीव रातुरी यांनी २००५मध्ये केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान निकष तीन महिन्यांत ठरवायला केंद्र सरकारला सांगितलं. पुढे सेबीने ३१ जुलै २०२५ रोजी परिपत्रक काढून शेअर बाजाराशी संबंधित संस्थांना डिजिटल सुगम्यता बंधनकारक केली. डिमॅट खातं, म्युच्युअल फंड, दलालांची अ‍ॅप्स, हे सगळं त्यात येतं.

झटपट उपायाचा मोह

कायदा कडक झाला की झटपट उपाय विकणारेही पुढे येतात. पानाच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह असलेलं एक बटण बसवा, कोडची एक ओळ टाका आणि निश्चिंत व्हा, असं सांगणारी साधनं सर्रास विकली जातात. त्यांना ओव्हरले म्हणतात. अक्षर मोठं करायची, रंग बदलायची सोय ती देतात, पण ती सोय फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीच असते. मूळ मांडणीतला दोष तसाच राहतो, उलट काही वेळा ओव्हरले स्क्रीन रीडरच्या कामात अडथळा आणतो. अ‍ॅक्सेसिबी ही कंपनी आपल्या साधनाने कुठलीही वेबसाइट मानकानुसार होते असा दावा करत होती. त्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५मध्ये तिला १० लाख डॉलर भरायला लावले. विकत घेतलेलं चिन्ह पाहून ग्राहक आत येतो आणि पैसे भरायच्या पायरीवर अडकतो, तेव्हा दुकानावरचा त्याचा विश्वास कायमचा जातो.

उद्या सकाळी काय करता येईल

ज्याची छोटी वेबसाइट आहे, त्याने पहिली तपासणी स्वतः करावी. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरने एक वस्तू शोधून पाहावी, कार्टमध्ये टाकावी, पत्ता भरावा, पैसे भरण्यापर्यंत जावं. वाटेत जिथे अडकलो, तिथे ग्राहक अडकतो. मग फोनवर टॉकबॅक सुरू करून पडदा न पाहता तेच करावं. सवय नसल्यामुळे गोंधळ उडेल, पण कुठलं बटण मुकं आहे ते ताबडतोब कळेल. पान दुप्पट मोठं करून काही कापलं जातं का ते पाहावं. रंगांचं प्रमाण मोजणारी फुकट साधनं इंटरनेटवर आहेत.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा. आधी पैसे भरण्याची वाट मोकळी करावी, मग शोध आणि नोंदणी, मग उरलेलं. रकान्यांना लेबल, बटणांना नाव, चित्रांना वर्णन, पानाला शीर्षकं, भाषेची नोंद मराठी, व्हिडिओंना उपशीर्षकं, चूक झाली तर शब्दांत सूचना. पीडीएफऐवजी साधं पान. संपर्कासाठी फोनच्या जोडीला लिहायची सोय. हे सगळं वेबसाइट बांधतानाच केलं तर वेगळा खर्च जवळजवळ येत नाही. बांधून झाल्यावर उकलून करायचं म्हटलं की खर्च वाढतो. म्हणून ही गोष्ट कामाच्या करारात लिहिलेली हवी. वेबसाइट डब्ल्यूसीएजी २.२च्या एए पातळीची असेल, तशी ती तपासून मिळेल आणि दोष सापडले तर करणारा ते दुरुस्त करून देईल.

ती तपासायची कुणी? यंत्र काही चुका पकडतं. पर्यायी मजकूर आहे की नाही हे त्याला कळतं, तो अर्थपूर्ण आहे की नाही हे कळत नाही. ते माणसालाच कळतं, आणि रोज स्क्रीन रीडरवर जगणाऱ्या माणसाला सर्वांत आधी कळतं. मुंबईतली बॅरियरब्रेक ही शिल्पी कपूर यांची कंपनी याच कामात आहे आणि तिथे अपंग तंत्रज्ञ हेच काम पगारावर करतात. राज्यात दृष्टिहीन आणि कर्णबधिर पदवीधरांची कमी नाही. गावातल्या छोट्या व्यावसायिकालाही जवळच्या एखाद्या दृष्टिहीन तरुणाला दिवसभर बोलावून वेबसाइट वापरून घेता येईल. मात्र त्या दिवसाचा मेहनताना दिला पाहिजे. फुकट सल्ला मागून पुन्हा उपकाराचं नातं उभं करण्यात अर्थ नाही. तो माणूस आपल्या व्यवसायातला दोष शोधून देतो आहे. हे कौशल्याचं काम आहे आणि त्याला बाजारात किंमत आहे.

एवढं केल्यावरही काही सुटून जाईल. म्हणून प्रत्येक वेबसाइटवर एक पत्ता असावा, जिथे अडचण कळवता येईल आणि जिथून उत्तर येईल. अपंग ग्राहक तक्रार करतो तेव्हा तो दुकान सोडून गेलेला नसतो, त्याला तिथेच खरेदी करायची असते. त्याने सांगितलेली चूक आठवड्याभरात दुरुस्त करून त्याला कळवणं हा व्यापाराचा साधा शिष्टाचार आहे. कायदा, मानक आणि साधनं तिन्ही आज हाताशी आहेत. आता ग्राहकाने आपला पिन स्वतः टाकावा, आपली साडी स्वतः निवडावी, आपली तक्रार स्वतः लिहावी, एवढी सोय करून देण्याची जबाबदारी दुकान मांडणाऱ्याची आहे, आणि ती त्याने आता घ्यायलाच हवी.